शाळेचे दार

जून महिना लागला, पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की नव्या पुस्तकांचा वास घेत आपण नव्या वर्गात जाऊन बसतो. गुरुजी हजेरी घेतात. आपले नाव आले की आपण 'हजर' म्हणतो. हजेरीपटावर आपले नाव आहे आणि बाकावर आपली जागा आहे, ह्यात आपणांस काही विशेष वाटत नाही. परंतु एका मुलीने अशीच एक जागा मागितली, एका शिक्षिकेने ती दिली, आणि एवढ्याच कारणावरून सारे गाव त्या दोघींवर उलटले, अशी एक खरीखुरी हकीकत आहे. ती सुमारे एकशे नव्वद वर्षांपूर्वीची आहे आणि दूरच्या अमेरिकेतील आहे. तरीही वाचताना ती आपणांस परकी वाटणार नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात कनेक्टिकट नावाचे एक लहानसे राज्य आहे. त्या राज्यात कँटरबरी हे गाव आहे. गावाच्या मध्यभागी हिरवळीचे मोकळे मैदान, मैदानाभोवती सधन लोकांची लाकडी घरे आणि जवळच चर्च, असे त्याचे त्या वेळचे रूप होते. १८३१ साली गावातील प्रतिष्ठित लोकांच्या मनात आले, की आपल्या मुलींसाठी एक चांगली शाळा असावी. त्यांनी प्रुडेन्स क्रँडल नावाच्या एका शिक्षिकेस आग्रहाने बोलावून घेतले. क्रँडलबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्या क्वेकर पंथाच्या कुटुंबात वाढल्या होत्या. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश वसतो, असे हा पंथ मानतो. मुलींनाही मुलांप्रमाणे शिकवावे अशी त्या पंथाची रीत होती, आणि त्यातील पुष्कळ लोक गुलामगिरीच्या विरुद्ध होते.

बाईंनी मैदानाच्या कडेचे एक मोठे घर विकत घेतले आणि तेथे वसतिगृहासह शाळा सुरू केली. वाचन, लेखन व गणित ह्यांबरोबरच भूगोल, इतिहास, रसायन आणि खगोलशास्त्र हे विषयही तेथे शिकवीत. त्या काळी मुलींना इतके विषय शिकवणाऱ्या शाळा फार थोड्या होत्या. थोड्याच दिवसांत शाळेचा लौकिक पसरला. गावाला बाईंचा अभिमान वाटू लागला. शेजारी राहणारे अँड्रू जडसन नावाचे वजनदार वकील शाळेच्या पाठीराख्यांपैकी एक होते.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना व त्यांच्या वंशजांना गुलाम म्हणून राबवीत असत. बाजारात गुरांप्रमाणे त्यांची खरेदीविक्री होई. उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी संपत आली होती. कनेक्टिकटमध्ये अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतंत्रपणे शेती किंवा मजुरी करून आपला चरितार्थ चालवीत. परंतु कायद्याने माणूस मोकळा झाला, तरी गोऱ्यांच्या मनातील तुच्छतेची भावना गेली नव्हती. रस्त्यात, गाडीत, प्रार्थनेच्या वेळीसुद्धा काळ्या माणसाने आपली पायरी ओळखून वागावे, अशीच सर्वांची अपेक्षा असे.

क्रँडलबाईंच्या घरी मरिया डेव्हिस नावाची एक कृष्णवर्णीय तरुणी घरकामास होती. तिचे लग्न हॅरिस नावाच्या शेतकरी कुटुंबातील मुलाशी ठरले होते. त्या कुटुंबात 'लिबरेटर' हे वृत्तपत्र येई. विल्यम लॉइड गॅरिसन हे ते बॉस्टनहून काढीत आणि त्यातून गुलामगिरीवर कडक टीका करीत. मरिया ते अंक बाईंना वाचावयास देई. बाई ते वाचू लागल्या. आजवर जे अन्याय नजरेसमोर असूनही दिसले नव्हते, ते त्यांना दिसू लागले. शिक्षिकेला हा धडा मिळाला, तो तिच्या घरी काम करणाऱ्या मुलीकडून!

१८३२ सालच्या पानगळीच्या दिवसांत हॅरिस कुटुंबातील मुलगी सारा बाईंकडे आली. ती वीस वर्षांची होती. आपल्या समाजातील मुलांना शिकवता येईल इतके ज्ञान मिळवावे, अशी तिची इच्छा होती. त्यासाठी आपणांस शाळेत घ्यावे, अशी तिने विनंती केली. त्याच वेळी तिने हेही सांगितले, की ह्यामुळे बाईंचे काही नुकसान होणार असेल, तर आपला आग्रह नाही. आपली इच्छा इतकी तीव्र असताना दुसऱ्याच्या नुकसानीचा विचार आधी करणारी ही मुलगी किती मोठ्या मनाची असेल!

बाईंनी तिला लगेच होकार दिला नाही. आपल्या शाळेतील इतर मुलींना काय वाटेल, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि पुढे त्यांनी तो लपवूनही ठेवला नाही. चांगल्या माणसाच्या मनातही भीती असते. परंतु बाईंनी त्या भीतीला आपला निर्णय घेऊ दिला नाही. थोड्याच दिवसांत सारा वर्गात येऊन बसू लागली.

मुलांनो, येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्गातील काही मुली पूर्वी गावच्या प्राथमिक शाळेत साराबरोबरच शिकल्या होत्या. त्यांनी तिच्या येण्याला मुळीच हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती त्यांच्या आईबापांनी. लहानपणी एका बाकावर बसलेल्यांना जो भेद ठाऊक नव्हता, तो मोठ्यांनी त्यांच्या मनात आणून घातला.

गावात कुजबुज सुरू झाली. एका धर्मोपदेशकाची पत्नी बाईंना भेटावयास आली. साराला काढून टाकले नाही तर शाळा बुडेल, असे तिने बजावले. बाईंनी उत्तर दिले, की शाळा बुडाली तर बुडू द्या, मी तिला काढून टाकणार नाही.

एकामागून एक पालक आपल्या मुलींना शाळेतून काढू लागले. अशा वेळी साराला निरोप देणे हा सोपा मार्ग होता. आणि बाईंनी तसे केले असते, तर गावाने त्यांना शहाण्या म्हटले असते. त्यांनी मात्र निराळाच मार्ग निवडला. त्या बॉस्टनला जाऊन गॅरिसन ह्यांना भेटल्या. न्यूयॉर्क व प्रॉव्हिडन्स येथे जाऊन त्यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांच्या गाठी घेतल्या. २ मार्च १८३३ च्या 'लिबरेटर'मध्ये एक जाहिरात झळकली: १ एप्रिलपासून कँटरबरी येथील ही शाळा कृष्णवर्णीय मुलींसाठी उघडेल, दर तीन महिन्यांस फी २५ डॉलर. एका मुलीला दार बंद करा असे गावाने सांगितले होते; बाईंनी तेच दार अनेकींसाठी उघडले.

९ मार्च रोजी गावाची सभा भरली. जडसन ह्यांनी शाळेविरुद्ध आवेशाने भाषण केले. असल्या शाळेमुळे गावाची अब्रू जाईल, घरांच्या किमती उतरतील, असे लोकांचे म्हणणे होते. काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवून द्यावे, असेही पुष्कळ जण म्हणत. ज्या मुलींनी आफ्रिका डोळ्यांनीही पाहिली नव्हती, त्यांचा देश कोणता, हा विचार कोणी करीत नव्हते. गावसभेत स्त्रियांना बोलण्याचा अधिकार नव्हता. म्हणून शेजारच्या गावचे धर्मोपदेशक सॅम्युएल मे हे एका सहकाऱ्यासह बाईंची बाजू मांडण्यास गेले. गावाच्या एखाद्या निवांत कोपऱ्यात शाळा हलवण्याची बाईंची तयारी आहे, असा निरोप त्यांनी आणला होता. पण त्यांना तोंडही उघडू देण्यात आले नाही. मे ह्यांचा ह्या शाळेशी काही संबंध नव्हता. ते गोरे होते, सुस्थितीत होते. घरी स्वस्थ बसले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. तथापि अन्याय आपल्या अंगणात झाला नाही, म्हणून तो आपला नव्हे, असे त्यांनी मानले नाही.

ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्ये शाळा भरली. प्रथम दोन-चारच मुली आल्या. पुढे बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा दूरदूरच्या शहरांतून मुली येऊ लागल्या आणि त्यांची संख्या वीसच्या वर गेली. बाईंची धाकटी बहीण अल्मायरा हीही शिकवू लागली.

गावाने मग शाळेला वाळीत टाकले. दुकानदार पैसे घेऊनही धान्य व भाजी देईनात. घोडागाडीवाले मुलींना गाडीत घेईनात. मुलगी आजारी पडली, तर डॉक्टर पायरी चढेना. चर्चचे दारही त्यांना बंद झाले. मुली फिरावयास निघाल्या, की टवाळ पोरे मागून आरडाओरडा करीत, अंडी व चिखल फेकीत. एके दिवशी शाळेच्या विहिरीत कोणी शेणखत टाकले. पाणी पिण्याजोगे राहिले नाही, आणि शेजाऱ्यांनी आपल्या विहिरीचे पाणी देण्यास नकार दिला. तेव्हा बाईंचे वृद्ध वडील आपल्या दूरच्या शेतावरून पिंपे भरून पाणी आणू लागले. ते काही चळवळीतले पुढारी नव्हते. मुलीवर कोसळलेल्या संकटाने ते भयभीत झाले होते. तरी पाण्याचा भार त्यांनी कधी चुकवला नाही.

मुलींना घाबरवण्यासाठी गावाने एक जुना कायदा उकरून काढला. परगावाहून येऊन निराश्रितपणे राहणाऱ्या माणसास गाव सोडण्याची आज्ञा करावी; त्याने न ऐकल्यास दर आठवड्यास १ डॉलर ६७ सेंट दंड करावा, आणि तरीही तो न गेल्यास त्यास चाबकाचे फटके मारावेत, असा तो कायदा होता. प्रॉव्हिडन्सहून आलेल्या अ‍ॅन एलायझा हॅमंड ह्या सतरा वर्षांच्या मुलीवर तशी नोटीस बजावण्यात आली. मे ह्यांनी व त्यांच्या मित्रांनी तिच्यासाठी मोठ्या रकमेची हमी दिली. तरीही गावकरी हट्टाला पेटलेच, तर काय करावे, हा प्रश्न होता. त्या मुलीने फटके सोसण्याची तयारी दाखवली. पहिला फटका बसताच सारा देश खडबडून जागा होईल, हे गावकऱ्यांनाही कळत होते. त्यांनी तो नाद सोडला. ती मुलगी गाव सोडून गेली नाही.

मग नवा कायदाच करण्यात आला. २४ मे १८३३ रोजी राज्याच्या विधिमंडळाने असा कायदा केला, की गावाच्या संमतीवाचून परराज्यातील कृष्णवर्णीयांसाठी कोणीही शाळा चालवू नये. ही वार्ता येताच कँटरबरीत घंटा वाजवण्यात आल्या, तोफा उडवण्यात आल्या. मुलींची शाळा बंद पडणार, ह्याचा हा आनंदोत्सव! पण दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीच्या वेळी भरली.

२७ जून रोजी क्रँडलबाईंना अटक झाली. जामिनाची रक्कम कोणी मित्र लगेच भरेल आणि बाई घरी जातील, असे अधिकाऱ्यांना वाटले होते. परंतु बाईंनी व त्यांच्या मित्रांनी विचारपूर्वक ठरवले, की जामीन द्यावयाचा नाही. मुलींना शिकवल्याबद्दल एका शिक्षिकेस तुरुंगात टाकले जाते, हे जगाला दिसू द्यावे. बाई भयभीत होतील की काय, ही शंका मे ह्यांना आली. पण आपणांस तुरुंगात नेले जाणार नाही, एवढीच भीती बाईंना वाटत होती! ती रात्र त्यांनी कोठडीत काढली, आणि एक मैत्रीण स्वखुशीने त्यांच्या सोबतीस राहिली. एका रात्रीची ही हकीकत वृत्तपत्रांतून गावोगाव गेली. न्यूयॉर्कचे धनिक व्यापारी आर्थर टॅपन ह्यांनी खटल्याचा खर्च पत्करला.

ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. बाईंच्या शाळेतील मुलींनाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास बोलावण्यात आले. आपल्या उत्तरांनी बाईंना शिक्षा होईल, हे त्या जाणून होत्या. न्यायालयाचा धाक, वकिलांचे दरडावणे, अनोळखी माणसांची गर्दी, हे सारे समोर असताना त्यांनी प्रथम उत्तर देण्याचे नाकारले. ज्या शिक्षिकेने एका विद्यार्थिनीला सोडले नव्हते, तिला आता विद्यार्थिनी सोडीत नव्हत्या.

बाईंच्या वकिलांचे म्हणणे सरळ होते. एका राज्याच्या नागरिकास दुसऱ्या राज्यातही नागरिकाचे हक्क असतात, असे देशाच्या घटनेत लिहिले आहे. ह्या मुली नागरिक आहेत, म्हणून हा कायदाच घटनेच्या विरुद्ध आहे. बारा पंचांपैकी सात जण बाईंना दोषी ठरवण्याच्या बाजूने होते. पाच जणांनी मात्र मान डोलावण्यास नकार दिला. पंचांचे एकमत न झाल्यामुळे शिक्षा होऊ शकली नाही. आजूबाजूचे सारे लोक एका बाजूस असताना त्या पाच सामान्य माणसांनी आपली विवेकबुद्धी जागी ठेवली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा खटला झाला. कृष्णवर्णीय लोक नागरिकच नव्हेत, असे न्यायाधीशांनी पंचांना सांगितले आणि बाई दोषी ठरल्या. त्यांनी वर अपील केले. जुलै १८३४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण केवळ कागदपत्रांतील एका तांत्रिक दोषामुळे. ह्या मुली नागरिक आहेत की नाहीत, ह्या मूळ प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने टाळले.

कायद्याने जे साधले नाही, ते आता दांडगाईने साधण्याचे काही लोकांनी ठरवले. त्याच वर्षी जानेवारीत शाळेच्या इमारतीला आग लागली होती. घड्याळ दुरुस्त करण्यासाठी आलेल्या एका कृष्णवर्णीय कारागिराने ती विझवण्यास मदत केली, तर आळ त्याच्यावरच घेण्यात आला! सुदैवाने न्यायालयात तो निर्दोष सुटला. ९ सप्टेंबर १८३४ च्या रात्री मात्र कहर झाला. मध्यरात्रीच्या सुमारास सोटे व लोखंडी पहारी घेतलेल्या जमावाने घराला वेढा दिला. सर्व बाजूंनी एकदम खिडक्यांवर प्रहार सुरू झाले. तावदानांच्या काचा खळाखळा फुटून खाली पडू लागल्या. आत सुमारे वीस मुली अंधारात एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. सकाळी पाहतात तो तळमजल्याच्या खोल्या राहण्याजोग्या उरल्या नव्हत्या.

आता मुलींच्या जिवाचाच प्रश्न होता. शाळा बंद करण्याचे ठरले. हे सांगण्याचे काम मे ह्यांच्यावर आले. त्यांनी मुलींना एकत्र बोलावून घरी परत जाण्यास सांगितले. ते शब्द उच्चारताना आपल्याला आपल्या देशाची आणि आपल्या गोऱ्या रंगाचीही लाज वाटली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. शाळा सुमारे सतरा महिने चालली होती.

गावाने शाळा बुडवली, हे खरे. मग बाई हरल्या काय? त्या दिवशी कोणीही 'होय' असेच उत्तर दिले असते. पण पुढे काय घडले, ते पाहावे. चार वर्षांनी, १८३८ साली, विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. १८६८ साली अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन त्या देशात जन्मलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिक मानण्यात आले. वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. कँटरबरीच्या खटल्यात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्यास इतका काळ लागला; परंतु ते मिळाले.

जडसन ह्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. ते पुढे न्यायाधीश झाले. 'आमिस्टाड' नावाच्या जहाजावरून बेकायदा नेल्या जाणाऱ्या आफ्रिकी लोकांचा खटला त्यांच्यापुढे आला, तेव्हा १८४० साली त्यांनी निर्णय दिला, की हे लोक गुलाम नाहीत. त्यांना आफ्रिकेत परत पोचवावे. काळ्या माणसाला गुलाम करू नये, हे त्यांना पटले होते. पण तो आपल्या शेजारी बसून शिकेल, हे मात्र सहन झाले नव्हते. पूर्वग्रह किती चमत्कारिक असतो, हे ह्यावरून दिसते. दूरच्या अन्यायाचा निवाडा करणे सोपे असते. आपल्या दारातील अन्याय ओळखणे कठीण जाते.

क्रँडलबाई पुढे पश्चिमेकडे गेल्या आणि अखेरीस कॅन्सस राज्यात राहू लागल्या. १८८६ साली कनेक्टिकट राज्याने त्यांना वार्षिक ४०० डॉलर निवृत्तिवेतन मंजूर केले. त्यासाठी अर्ज केला होता तो कँटरबरीच्याच शंभरहून अधिक नागरिकांनी! प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन ह्यांनीही त्यांच्या बाजूने आपले वजन खर्च केले. त्यांचे जुने घर विकत घेऊन देण्याची तयारीही दर्शवली. बाईंनी घर नम्रपणे नाकारले. १८९० साली त्यांचा अंत झाला. आज कँटरबरीतील शाळेच्या त्या घरात संग्रहालय आहे. राज्याच्या राजधानीत २००८ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यासाठी शाळकरी मुलांनी खटपट करून निधी जमवला. त्या पुतळ्यात बाई एकट्या नाहीत. त्यांच्याजवळ एक विद्यार्थिनीही उभी आहे.

आणि सारा? तिने आपली पहिली मुलगी जन्मास आली, तेव्हा तिचे नाव 'प्रुडेन्स क्रँडल' असे ठेवले. तिचे घर पुढे गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्यांचे आश्रयस्थान बनले. तिची बहीण मेरी ह्याच शाळेत शिकली होती. ती शिक्षिका झाली. सारा आणि बाई ह्यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू राहिला. १८७७ साली, म्हणजे शाळा बंद पडून त्रेचाळीस वर्षे झाल्यावर, पासष्ट वर्षांची सारा शेकडो मैलांचा प्रवास करून कॅन्ससला आपल्या बाईंच्या भेटीस गेली. त्या दोन वृद्ध स्त्रिया एकमेकींसमोर बसल्या असतील, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? फुटलेल्या काचा आठवल्या असतील. पण त्याआधी आठवला असेल तो पानगळीतला दिवस, ज्या दिवशी एकीने जागा मागितली आणि दुसरीने ती दिली.

ही हकीकत वाचताना आपणांस पुण्याची आठवण होते. कँटरबरीची शाळा बंद पडल्यानंतर चौदा वर्षांनी, १८४८ साली, जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवावयास जात, तेव्हा त्यांच्या अंगावरही शेण व चिखल फेकण्यात आला. समुद्रापलीकडच्या त्या शिक्षिकेची आणि सावित्रीबाईंची कधी गाठ पडली नाही. पण दोघींनाही एकाच कामासाठी एकाच प्रकारचा छळ सोसावा लागला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात राहूनही त्यांनी दूरच्या त्या धडपडीशी आपले नाते जोडले होते.

आज शाळेचे दार कायद्याने सर्वांना उघडे आहे. तथापि दार उघडे असणे वेगळे आणि आत आलेल्याला जागा मिळणे वेगळे. तुमच्या वर्गातही एखादे दिवशी नवा मुलगा किंवा नवी मुलगी येईल. तिची भाषा, तिचा वेश, तिचे आडनाव किंवा तिच्या आईबापांचा धंदा तुम्हांस निराळा वाटेल. कोणी हळूच हसेल, कोणी दप्तर पसरून बाकावरची मोकळी जागा भरल्यासारखी दाखवील. त्या वेळी सारा हॅरिस आठवा, आणि बाकावर थोडे सरकून बसा.

स्वाध्याय

१. साराने शाळेत प्रवेश मागताना बाईंना कोणत्या दोन गोष्टी सांगितल्या? त्यांवरून तिच्या स्वभावाविषयी काय कळते?

२. शाळा वाळीत टाकण्यासाठी गावकऱ्यांनी काय काय केले?

३. जामीन न देण्याचे बाईंनी व त्यांच्या मित्रांनी का ठरवले?

४. मरिया डेव्हिस, बाईंचे वडील, सॅम्युएल मे, पाच पंच ह्यांपैकी प्रत्येकाने शाळेला कशी मदत केली? तुम्हांस कोणाची मदत सर्वांत अनपेक्षित वाटते? का?

५. 'शाळा बंद पडली, तरी बाई हरल्या नाहीत.' हे म्हणणे तुम्हांस पटते काय? सकारण लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: वाळीत टाकणे, हट्टाला पेटणे, आळ घेणे, वजन खर्च करणे, नाद सोडणे.

७. तुमच्या शाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत वर्गाने कसे करावे, ह्याविषयी दहा ओळी लिहा.